उकिरडा वेस कोणी बांधली?

शास्त्रपाठ : नहेम्या ३:१-१४, यिर्मया २९:४-७



नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उपासनेत क्वचितच वाचला जातो. संडे स्कूलमध्ये तर तो बहुधा गाळलाच जातो. अवघड नावांची लांबलचक यादी, कोणी कोणती वेस बांधली आणि कोणी तटाचा कोणता भाग दुरुस्त केला, एवढेच त्यात आहे. दुसऱ्या अध्यायात राजापुढे द्राक्षारसाचा पेला घेऊन उभा असलेला कष्टी नहेम्या आहे. चौथ्यात एका हाताने काम करणारे व दुसऱ्या हाती हत्यार धरणारे लोक आहेत. मुलांना सांगायला ह्या गोष्टी सोप्या आहेत. म्हणून मधला अध्याय ओलांडून आपण पुढे जातो.

परंतु तो अध्याय म्हणजे एका पडक्या शहराच्या बांधकामाचा हजेरीपट आहे. मुख्य याजक एल्याशीब आपल्या भाऊबंदांसह मेंढेवेस बांधतो. सोनार येतात, सुगंधी द्रव्ये करणारे येतात, व्यापारी येतात. शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींना घेऊन कामाला लागतो. कित्येक जण आपापल्या घरासमोरचा तट बांधतात. एकाच्या नावापुढे घराचा उल्लेखही नाही, तो आपल्या खोलीसमोरचा भाग बांधतो. हजेरीपटात गैरहजेरीही नोंदली आहे. तकोवा गावचे लोक आले, पण त्यांच्या सरदारांनी कामाच्या जुवाखाली मान दिली नाही, असे पाचव्या वचनात स्पष्ट लिहून ठेवले आहे.

आणि चौदाव्या वचनात एक नाव येते, मल्कीया. तो रेखाबाचा मुलगा, बेथ-हक्करेम परगण्याचा अधिकारी. त्याने बांधली ती उकिरडा वेस. तिची कवाडे, कड्या आणि अडसर त्यानेच बसवले.

उकिरडा वेस म्हणजे शहराचा केरकचरा, राख आणि घाण ज्या वाटेने हिन्नोमाच्या खोऱ्याकडे नेत असत ती वेस. त्या वेशीतून राजाची मिरवणूक निघत नसे. तिथे थांबून कोणी शहराची शोभा पाहत नसे. असे असून एका परगण्याचा अधिकारी पुढे झाला आणि ती वेस त्याने आपल्याकडे घेतली. का घेतली हे शास्त्र सांगत नाही. पण उकिरडा वेस पडलेली राहिली तर बाकीच्या सर्व वेशी बांधूनही शहर उघडेच राहते, एवढे त्या यादीकडे पाहून आपल्याला कळते. आज आपण राहतो त्या मोठ्या शहरांत ती वेस कोण बांधतो, आणि ख्रिस्ती मंडळीचा तिच्याशी काय संबंध, ह्याचा विचार आपण करू या.

पाहुण्यांना आलेले पत्र

प्रथम एक प्रश्न सोडवला पाहिजे. शहराची चिंता आपण का करावी?

आपल्या मंडळ्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी विखुरलेल्या आहेत. कोणाचे आजोबा रेल्वेत लागले म्हणून आले, कोणाचे मिशनच्या दवाखान्यात किंवा शाळेत, कोणाचे गिरणीत, कोणाचे पलटणीत. दोनतीन पिढ्या गेल्या. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कानडी, अशी आपली जीभ दुहेरी झाली. तरीही बोलताना आपण अजून 'तिकडे आपल्या गावी' आणि 'इकडे ह्यांच्या शहरात' असेच म्हणतो. शहर ह्यांचे आहे, नगरपालिका ह्यांची आहे, आपले काय ते चर्च, चर्चचे आवार आणि कबरस्थान. पाहुण्याने घरच्या मोरीची चौकशी करू नये, तशी आपली वृत्ती झाली आहे.

बाबेलात नेलेले यहूदी ह्याहून कितीतरी अधिक परके होते. ते नोकरीसाठी गेले नव्हते. नबुखद्नेस्सराने त्यांना बंदिवान करून नेले होते. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने त्यांना गोड वाटेल असे सांगितले होते की दोनच वर्षांत सर्व काही परत मिळेल. दोन वर्षांसाठी कोण घर बांधतो? कोण झाड लावतो? मग यिर्मयाचे पत्र आले. त्यात दोन नव्हे, सत्तर वर्षे लिहिली होती. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, असे त्यात होते; आणि त्यापुढे जे होते ते वाचून पुष्कळांनी पत्र खाली टाकले असेल. ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्या नगराचे हित पाहा आणि त्याच्यासाठी परमेश्वराजवळ प्रार्थना करा, अशी ती आज्ञा होती.

मूळ इब्री भाषेत त्या एका वचनात 'शालोम' हा शब्द तीनदा आला आहे. नगराचा शालोम पाहा. नगराच्या शालोमात तुमचा शालोम आहे. शालोम म्हणजे केवळ भांडण नसणे नव्हे. अंगात आरोग्य, घरात अन्न, दारात निर्भयता, शेजाऱ्याशी न्याय, हे सगळे त्या एका शब्दात बसते. बाबेल हे मूर्तींचे नगर होते, शत्रूचे नगर होते. तरी देवाने त्याच्या नळाची, रस्त्याची, बाजाराची काळजी आपल्या लोकांच्या प्रार्थनेत घातली. बाबेलासाठी जी आज्ञा होती ती इंदुरासाठी आणि हैदराबादेसाठी कमी कशी होईल?

पायी केलेली पाहणी

नहेम्या यरुशलेमेत पोहोचला तेव्हा त्याने आधी सभा भरवली नाही. तीन दिवसांनंतर तो रात्री उठला आणि थोडी माणसे बरोबर घेऊन पडका तट पाहायला निघाला. खोरे वेशीतून बाहेर पडून तो उकिरडा वेशीकडे गेला. पुढे एका जागी ढिगारा इतका होता की त्याच्या जनावरालाही वाट मिळेना. जो शहराचे हित पाहणार त्याने आधी शहर पाहिले पाहिजे, हा त्यातला पहिला धडा.

ह्याचे एक उदाहरण आपल्याच वस्तीच्या एका शहरात घडले आहे. पॅट्रिक गेडिस हा १८५४ साली जन्मलेला स्कॉटिश गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला आणि शहरामागून शहर पाहत हिंडला. बडोद्याविषयी त्याने १९१६ साली अहवाल लिहिला; इंदूरच्या होळकर दरबारासाठी लिहिलेला त्याचा मोठा अहवाल १९१८ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. पुढे मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला.

त्या काळी शहर सुधारणे म्हणजे काय, हे पाहिले तर गेडिसचे वेगळेपण कळते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली तिथे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाट वस्त्या पाडून सरळ रुंद रस्ते काढणे ही सुधारणेची रीत ठरली. नकाशावर रेघ सुंदर दिसे. पण त्या रेघेखाली ज्याचे घर गेले तो गरीब माणूस कुठे गेला? तो शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत शिरला, आणि तिथली दाटी दुप्पट झाली. गेडिसने ह्या रीतीला कडाडून विरोध केला. तो भर उन्हात गल्ल्यांतून पायी फिरे, प्रत्येक घर, विहीर, झाड आणि मोकळी जागा टिपून ठेवी, आणि मग सांगे की सगळी गल्ली पाडू नका. कोसळायला आलेली दोनचार घरे काढा, तिथे लहानसा चौक करा, झाड लावा, विहीर उपसून स्वच्छ करा. कुशल शल्यविशारद जसे शक्य तितके अंग वाचवतो तसे त्याला शहर वाचवायचे होते.

इंदुरात प्लेग आणि हिवताप होता. तुकोजीराव होळकर (तिसरे) ह्यांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. गेडिसने दरबाराकडे एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढण्याचे ठरवले. मिरवणुकीचा मार्ग मात्र नेहमीचा नव्हता. ज्या गल्ल्या आपली घरे आणि रस्ते उत्तम झाडून, रंगवून, दुरुस्त करून ठेवतील त्या गल्ल्यांतून ती जाईल, अशी घोषणा झाली. लोक कामाला लागले; गाड्यांमागून गाड्या भरून कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि पांढरीशुभ्र वस्त्रे ल्यालेले शहराचे झाडूवाले मानाने चालत होते.

ती मिरवणूक आपल्या श्रद्धेची नव्हती, आणि तिच्यात पुष्कळ काही असे होते की जे आपण करणार नाही. पण नहेम्याचा बारावा अध्याय उघडा. तट पुरा झाल्यावर उपकारस्तुती करणाऱ्यांचे दोन मोठे गट तटावरून निघाले. त्यांतला एक कोणत्या दिशेने गेला? उकिरडा वेशीच्या दिशेने. गाणारे, वाद्ये वाजवणारे, याजक, सारे स्तुतिगान करीत त्या वेशीवरून गेले. ज्या वेशीकडे पाहून लोक नाक मुरडीत तिच्यावर देवाची स्तुती झाली.

छताचा कठडा

दुसरा धडा घर बांधण्यासंबंधी आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठव्या वचनात एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. किती व्यवहाराची आज्ञा ही! घरमालकाला आपले धाबे ठाऊक असते, तो पडत नाही. पडतो तो पाहुणा, शेजाऱ्याचे मूल, कामाला आलेला मजूर. म्हणजे देवाच्या नियमशास्त्रात बांधकामाची पहिली कसोटी शोभेची नाही, खर्चाची नाही. जो दुर्बळ आहे, ज्याला घराची माहिती नाही, त्याचा जीव सांभाळला की नाही, ही आहे.

शहरालाही असा कठडा लागतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मूसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे गेली. पुरात एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात अजून दाखवतात. त्यानंतर विश्वेश्वरय्या ह्यांना बोलावण्यात आले. वरच्या अंगाला पाणी अडवल्यावाचून शहर वाचणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला. हे तलाव म्हणजे हैदराबादचा कठडाच. पण शहर वाढत गेले तसतशी इतर कित्येक जुन्या तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या जागी घरे उभी राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये मोठा पाऊस झाला तेव्हा पाणी आपल्या जुन्या जागी परत आले आणि वस्त्याच्या वस्त्या बुडाल्या. कठडा काढून धाबे वाढवले तर असेच होणार.

चांगला कठडा कसा बांधावा ह्याचेही उदाहरण इंदुरातच आहे. १९८० नंतरच्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशी ह्यांनी 'अरण्य' ही वसाहत आखली. दोशी १९२७ साली पुण्यात जन्मलेले. सुमारे साडेसहा हजार भूखंड, त्यांतले बहुसंख्य गरिबांसाठी. सर्वांत लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरचा. गरिबाला तयार घर न देता जोते, पाण्याची व संडासाची सोय आणि एखादी खोली एवढे देऊन बाकीचे घर त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वाढवावे, अशी योजना होती. श्रीमंत, मध्यम आणि गरीब एकाच वसाहतीत राहावेत आणि रस्त्यात, ओट्यावर, चौकात एकमेकांना भेटावेत, असा तिचा हेतू. १९९५ साली ह्या कामाला आगा खान पारितोषिक मिळाले. तिच्यातही पुढे उणिवा निघाल्या असतील. माणसाच्या कोणत्या कामात निघत नाहीत? पण गरिबाला भिंत बांधण्याचा मान राखून ठेवणे, ही गोष्ट शास्त्राला धरून आहे. नहेम्याच्या यादीत प्रत्येकाला आपल्या घरासमोरचा भाग मिळाला होता.

ह्याच्या उलट यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात यहोयाकीम राजा आहे. त्याने प्रशस्त वाडा बांधला, मोठ्या खिडक्या काढल्या, गंधसरूच्या फळ्या लावल्या, तांबडा रंग दिला. मजुरांची मजुरी मात्र दिली नाही. संदेष्टा खिडक्यांचे कौतुक करीत नाही. तो मजुरी विचारतो.

बंधुभगिनींनो, हे वचन आपल्या आवाराच्या फाटकापाशी येऊन थांबते. आपल्या पुष्कळ मंडळ्यांची जागा एके काळी गावाबाहेर होती. आता ती शहराच्या ऐन मध्यावर आली आहे. बिल्डर येतात, नकाशे दाखवतात. नवे सभागृह मिळेल, दुकानांचे भाडे येईल, पार्किंग होईल, असे सांगतात. जागा कधीच विकू नये असा काही देवाचा नियम नाही. परंतु सही करण्यापूर्वी पंचांच्या सभेत तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. आवारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला रखवालदार, माळी, झाडूवाली, विधवा बायबलबाई ह्यांच्या खोल्यांचे काय होणार? जे मजूर ही इमारत बांधतील त्यांची मुले दिवसभर कुठे असतील आणि रात्री कुठे निजतील? आणि नव्या इमारतीतून मंडळीला मिळेल ते मिळो, पण आजूबाजूच्या वस्तीला काय मिळेल? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर नसतील तर त्या धाब्याला कठडा नाही असे समजावे, आणि सही थांबवावी.

उकिरडा वेस

आता आपण चौदाव्या वचनाकडे परत येऊ.

इंदुरात गेडिसनंतर आणखी एक गोष्ट घडली. १९२४ ते १९३१ ह्या काळात अल्बर्ट हॉवर्ड ह्या शेतीशास्त्रज्ञाने तिथे शेतातील काडीकचरा आणि शेण ह्यांपासून खत करण्याची रीत बसवली. जगभर तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. घाण नदीत न लोटता जमिनीला परत द्यावी, हा विचार गेडिसनेही मांडला होता. आज त्याच शहरात घरोघरचा ओला आणि सुका कचरा वेगवेगळा गोळा होतो. २०२२ साली सुरू झालेल्या कारखान्यात दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करण्याची सोय झाली. २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात इंदूर वर्षामागून वर्षे पहिले आले. तिथल्या नागरिकांचे आणि विशेषतः पहाटे उठून रस्ते झाडणाऱ्या हजारो स्त्रीपुरुषांचे हे यश खरे आहे. त्याबद्दल देवाची स्तुती करावी.

पण डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ह्याच शहरातील भागीरथपुरा ह्या साध्या माणसांच्या वस्तीत पिण्याच्या नळात सांडपाणी मिसळले. पुष्कळ लोक आजारी पडले आणि माणसे दगावली. रस्ता झाडलेला होता. त्याच्या खाली नळ फुटलेला होता. हे आम्ही कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. हे कोणत्याही शहरात होऊ शकते, आणि होते. ह्यात शिकण्याजोगे हे आहे की शहराचे हित डोळ्यांना दिसते तिथे संपत नाही. जमिनीखालचा नळ, मलवाहिनीचे झाकण, वस्तीतल्या बाईने पाण्याला वास येतो म्हणून केलेली तक्रार, ही शहराची उकिरडा वेस आहे. तिथे अधिकारी माणूस लक्ष घालतो की नाही, ह्यावर शहराचा शालोम अवलंबून आहे.

आणि त्या झाकणाखाली उतरणारा माणूस? मलवाहिनी आणि मैल्याच्या टाकीत साधनांवाचून माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा कामात मेलेल्याच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. कायदा आहे, रक्कम आहे, तरी विषारी वायूने गुदमरून माणसे मरतच आहेत. बहुतेक वेळी त्यांना खाली उतरवणारा राक्षस नसतो. एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी असतो, एखाद्या शाळेचा किंवा चर्चचा खजिनदार असतो. यंत्राच्या गाडीला पैसे जास्त लागतात, म्हणून तो ओळखीच्या माणसाला बोलावतो.

इथे आपल्याला एक गोष्ट आठवली पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते. गावाची घाण, मेलेली ढोरे, वेशीवरचा पहारा ही त्यांची कामे होती आणि गावाच्या विहिरीला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. सुवार्ता त्यांच्याकडे कुसाबाहेर चालत आली. तिने त्यांना नाव दिले, पाटीपेन्सिल दिली, मान ताठ ठेवून देवाला पिता म्हणायला शिकवले. त्यांची पणतवंडे आज चौथ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टने येजा करतात. हे देवाचे देणे आहे, त्यात लाज कसली? परंतु त्याच लिफ्टपाशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक नसेल, तिने लिफ्ट वापरू नये अशी पाटी आपल्या सहीने लागली असेल, तर सुवार्ता आपल्यापर्यंत आली आणि आपल्यापाशीच अडली, असे म्हणावे लागेल.

काही जण म्हणतील, हे सर्व समाजकार्य झाले; व्यासपीठावरून येशू ख्रिस्ताविषयी बोलावे. तर येशू ख्रिस्ताविषयीच बोलू. यरुशलेमेच्या जवळ आल्यावर नगर पाहून तो रडला, असे लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. आणि मरताना त्याने कोणती जागा घेतली? इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात उत्तर आहे. त्याने वेशीबाहेर दुःख सोसले. मंदिराच्या अंगणात नव्हे, राजवाड्यात नव्हे. शहर जे जे नकोसे म्हणून बाहेर टाकते त्याच्या बाजूला त्याचा वधस्तंभ उभा राहिला. आपल्या पापाची घाण त्याने दुरून हात लावून काढली नाही. ती त्याने आपल्या अंगावर घेतली. पत्र पुढे आपल्याला त्याच्याकडे वेशीबाहेर जायला सांगते, त्याची अप्रतिष्ठा सोसत. जो ख्रिस्ताच्या मागे चालतो तो कधी ना कधी उकिरडा वेशीशी पोहोचतोच. तिथे तारणारा आपल्या आधी गेलेला आहे.

म्हणूनच मल्कीयाचे काम लहान नव्हते. आणि म्हणूनच तकोवाच्या सरदारांची ताठ मान देवाच्या पुस्तकात कायमची नोंदली गेली.

मग आपण काय करावे?

मोठ्या योजना आखू नयेत. आपल्या घरासमोरचा भाग पाहावा. प्रत्येक मंडळीने वर्षातून एकदा, पाळकसाहेब आणि पंच ह्यांनी मिळून, चर्चच्या सभोवतालच्या वस्तीतून पायी फिरावे. नळाला पाणी कधी येते, गटार कुठे तुंबते, म्हाताऱ्यांना बसायला जागा आहे का, मुले कुठे खेळतात, हे टिपावे. जखऱ्याच्या आठव्या अध्यायात देवाने वसवलेल्या नगराची खूण अशीच सांगितली आहे: काठी टेकीत बसलेली म्हातारी माणसे आणि रस्त्यांत खेळणारी मुले. ज्या रस्त्यावर ही दोन्ही माणसे निर्भय आहेत तो रस्ता चांगला. टिपलेले घेऊन वॉर्डाच्या कचेरीत जावे. भाषा येत नाही असे म्हणू नये. आपली मुले इथलीच भाषा शाळेत शिकली आहेत.

चर्चच्या किंवा सोसायटीच्या मैल्याच्या टाकीत कोणत्याही सबबीवर माणूस उतरवू नये. अंदाजपत्रकात यंत्राच्या गाडीचा खर्च आधीच धरावा. आपल्या कामवाल्या बाईची आणि झाडूवाल्याची मजुरी ठरल्या दिवशी द्यावी. त्यांचे नाव विचारावे आणि त्या नावाने हाक मारावी; वडीलधारी असतील तर मावशी, काका म्हणावे.

संडे स्कूलच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की नहेम्याचा तिसरा अध्याय आता गाळू नका. फळ्यावर वर्तुळ काढून यरुशलेमेच्या वेशी दाखवा. मग शेजारी दुसरे वर्तुळ काढून मुलांनाच विचारा: आपल्या शहराचे पाणी कुठून येते? कचरा कुठे जातो? तो कोण नेतो? त्या मनुष्याला मुले आहेत का, ती कोणत्या शाळेत जातात? मुलांना उत्तरे आली नाहीत तर पुढच्या रविवारपर्यंत शोधून आणायला सांगा. शहरासाठी प्रार्थना कशी करावी हे ती आपोआप शिकतील, कारण ज्याची माहिती नाही त्याच्यासाठी मन लावून प्रार्थना करता येत नाही.

शेवटी, आपण ज्या नगराची वाट पाहतो ते प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. पवित्र शास्त्राच्या आरंभी बाग आहे, अखेरीस मात्र नगर आहे. बाबेलच्या बुरुजासारखे ते माणसांनी आपले नाव करण्यासाठी वर चढवलेले नाही. ते देवापासून खाली उतरते. त्याला बारा वेशी आहेत आणि त्या दिवसा कधीही बंद होत नाहीत. त्या बारांत उकिरडा वेस नाही, कारण त्या नगरात काही अशुद्ध जात नाही आणि कोणाला बाहेर टाकलेही जात नाही. तोपर्यंत आपल्या शहरांना ती वेस आहे, आणि तिच्यापाशी माणसे उभी आहेत. यरुशलेमेचा तट बावन्न दिवसांत पुरा झाला, कारण बहुतेकांनी आपापला भाग उचलला. आपला भाग कोणता, हे प्रत्येक मंडळीने प्रभूला विचारावे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू नगर पाहून रडलास आणि नगराबाहेर आमच्यासाठी मेलास. ज्या शहरात तू आम्हांला ठेवले आहेस ते आमचे म्हणण्याची बुद्धी दे. पहाटे आमचे रस्ते झाडणाऱ्यांना आणि आमच्यासाठी गटारांत उतरवल्या जाणाऱ्यांना सांभाळ. त्यांचा जीव स्वस्त समजणारे अंतःकरण आमच्यात राहू देऊ नकोस. आमच्या घरांना कठडा असो, आमच्या दारी न्याय असो, आणि उकिरडा वेशीचे काम आले तर आमची मान ताठ न राहो. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.